फाडफाड वाचतो, पण कळत का नाही?

सातवीच्या तासाला मी एका मुलाला इकॅरसचा, म्हणजे मेणाचे पंख लावून उडालेल्या ग्रीक कथेतल्या मुलाचा, उतारा वाचायला उभं केलं. त्यानं तो एका दमात वाचून दाखवला. स्वल्पविरामाला थांबला, पूर्णविरामाला आवाज खाली आणला, ‘डेडलस’ हे नावसुद्धा न अडखळता म्हटलं. मी विचारलं, “बरं, मग तो मुलगा समुद्रात पडला का?” त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. तिला इंग्रजीचं एक वाक्य वाचायला अख्खं मिनिट लागतं. तिला रामायणातल्या जटायूचा भाऊ संपाती आठवला. ती हळूच म्हणाली, “मॅडम, हे तं संपातीवानीच होय. सूर्याजवळ गेला न पंख जळले.”

या दोघांपैकी वाचता कोणाला येतं? पालकसभेत दर वेळी कोणी ना कोणी मला हेच वेगळ्या शब्दांत विचारतं. “मॅडम, पोरगा फाडफाड वाचतो, मग उताऱ्याच्या प्रश्नांना मार्क का पडत नाहीत?” मी नागपुरातल्या एका सेमी इंग्रजी शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गातले बहुतेक जण घरी मराठी बोलतात, काही हिंदी, आणि इंग्रजी फक्त शाळेत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे सातवीत येईपर्यंत या मुलांची इंग्रजीची सहा वर्षं झालेली असतात. तरीही हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर मुलाच्या हुशारीत किंवा आळसात शोधून सापडत नाही. वाचन म्हणजे नेमकं काय, तिथपासून सुरुवात करावी लागते.

१९८६ साली गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचं एक साधं गणित मांडलं. छापलेल्या अक्षरांवरून शब्द ओळखता येणं ही एक बाजू, आणि ती भाषा कानावर पडली तर समजणं ही दुसरी. दोन्हींचा गुणाकार केला की येतं ते वाचून समजणं. ही बेरीज नाही, हे महत्त्वाचं. बेरीज असती तर एक बाजू लंगडी असली तरी दुसरीनं सांभाळून घेतलं असतं. गुणाकारात एका बाजूला शून्य आलं की उत्तर शून्यच, आणि दोन्ही बाजू अर्ध्या असल्या तर हाती पाव. माझा फाडफाड वाचणारा मुलगा पहिल्या बाजूला पैकीच्या पैकी आणि दुसरीकडे जवळपास शून्य. मागच्या बाकावरच्या मुलीचं उलटं. दोघांना एकच औषध देऊन चालत नाही, पण गाइडमधून आपण नेमकं तेच देत असतो.

पहिल्या बाजूबद्दल थोडक्यात सांगते. मराठी वाचायला शिकलेल्या मुलाला वाटतं, अक्षर दिसलं की आवाज ठरला. तसं मराठीतही अगदी तंतोतंत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ एकदा मोठ्यानं म्हणून बघा, दोन्हीकडे ‘चा’च लिहितो पण बोलतो वेगवेगळं. तरी एकंदरीत आपली लिपी शब्दाला जागते. इंग्रजी जागत नाही. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं ‘थ्रू’मध्ये एक बोलतात, ‘टफ’मध्ये दुसरं आणि ‘डो’मध्ये तिसरंच. त्यात ग्रीक नावं म्हणजे तेराव्या महिन्याची भर. ‘पर्सेफनी’च्या स्पेलिंगच्या शेवटी मुलांना सरळ ‘फोन’ दिसतो. वर्गात ती आठवडाभर ‘फोनवाली बाई’ होती. ज्या मुलाचं गाडं इथेच अडतं, त्याला गोष्ट कितीही रंगवून सांगा, पुस्तकातली ओळ त्याच्यासाठी बंदच राहते. त्याला रोज दहा मिनिटं अक्षरगट आणि आवाज यांचा वेगळा सराव लागतो. सातवीत तो करायला पोराला लाज वाटते, म्हणून मी मधल्या सुट्टीनंतर दोघा-तिघांना गुपचूप घेऊन बसते. त्याला पर्याय नाही.

खरा गुंता दुसऱ्या बाजूला आहे, आणि तो मला एका विदर्भकन्येनं समजावला.

महाभारताच्या वनपर्वात नळ-दमयंतीचं आख्यान येतं. दमयंती विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. तिची कुंडिनपुरी म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर, असं आपल्याकडे परंपरेनं मानतात. स्वयंवरात ती नळाला माळ घालायला निघते आणि समोर बघते तर पाच नळ. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नळाचं रूप घेऊन उभे. देवांची लक्षणं तिनं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असतात, पण सुरुवातीला ती कोणातच दिसत नाहीत. ती देवांनाच शरण जाते, आणि मग लक्षणं उघड होतात. चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली फुलं ताजी, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याच्या अंगावर धूळ आणि घाम, माळ कोमेजलेली, पापण्या मिटताहेत आणि त्याची सावली जमिनीवर पडलेली. तोच नळ.

शाळेच्या भाषेत आपण ज्याला ‘अनुमान काढणे’ म्हणतो आणि ज्याचे प्रश्न सोडवताना निम्मा वर्ग गळपटतो, ते याहून नेमकेपणानं दाखवणारी गोष्ट मला माहीत नाही. मी त्या प्रसंगाचा सोप्या इंग्रजीत पंधरा ओळींचा उतारा केला. उताऱ्यात देवांची लक्षणं मुद्दाम सांगितली नाहीत. शेवटाकडे फक्त एक ओळ ठेवली, ‘ओन्ली वन मॅन हॅड अ शॅडो’, आणि खाली प्रश्न घातला की दमयंतीनं नळाला कसं ओळखलं.

ज्यांच्या घरी आजी होती आणि आजीकडे गोष्टी होत्या, त्यांनी उत्तर लगेच लिहिलं. एका मुलानं मात्र हात वर करून शांतपणे सांगितलं, “बाकीचे सावलीत उभे असतीन, थो एकटाच उन्हात असन.”

वर्ग हसला. मलाही आधी हसू आलं, आणि मग आलं नाही. त्या मुलाचं डोकं बिनचूक चाललं होतं. त्यानं पुरावा बरोबर उचलला होता. सावली एकाचीच आहे, मग बाकीच्यांची का नाही, याचं कारण त्यानं स्वतःला ठाऊक असलेल्या जगात शोधलं. नागपूरच्या उन्हात वाढलेलं पोर दुसरं काय म्हणणार? शहाणा माणूस सावलीतच उभा राहतो. देवांना सावली नसते, एवढी एक गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. अनुमान काढण्याचं ‘कौशल्य’ त्याच्यापाशी होतं, नव्हती ती माहिती. मी त्याला अनुमानाच्या आणखी वीस वर्कशीट दिल्या असत्या तरी ही फट भरली नसती. दोन मिनिटांत देवांची लक्षणं सांगितली आणि ती भरली.

गोष्टीतल्या दमयंतीचंही असंच आहे. ‘वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं’ तिच्या गाठीला नसतं, तर लक्षणं समोर येऊनही तिला त्यांचा अर्थ लागला नसता. पानावर असतं ते अर्धं. उरलेलं अर्धं वाचणारा स्वतः घेऊन येतो. लेखक सगळं लिहीत बसत नाही, ‘तुला ठाऊकच आहे’ असं धरून पुढे जातो. ठाऊक असेल तर वाचणारा न थांबता सोबत जातो, नसेल तर त्याला शब्द दिसतात आणि गोष्ट दिसत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालच्या आपल्या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे, आणि योगायोग असा की त्यानं साहित्य म्हणून एक लोककथाच घेतली होती. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची भुतांच्या लढाईची ही कथा त्यानं इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. लिहिताना तिथल्या होड्या बदलून इंग्रजांच्या ओळखीच्या बोटी झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली, आणि भुतांचा जो भाग त्यांना पटेना तो गळून तरी गेला किंवा काहीतरी तर्कशुद्ध होऊन आला. ही शिकलेली, मोठी माणसं, आणि वाचत होती स्वतःच्या मातृभाषेत.

१९७९ सालचा एक अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो. स्टेफनसन, जोगदेव आणि अँडरसन या तिघांनी अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना आणि अमेरिकनांना दोन पत्रं वाचायला दिली. एकात भारतीय लग्नाचं वर्णन होतं, दुसऱ्यात अमेरिकन लग्नाचं. प्रत्येकानं आपल्या पद्धतीच्या लग्नाचं पत्र भराभर वाचलं आणि त्यातलं जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकन पत्रातल्या नवरीनं आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिकडे ही अभिमानाची गोष्ट. एका भारतीय वाचकाला मात्र ती नवरी जुनाट, फॅशन गेलेल्या कपड्यात दिसली. त्या वाचकाचं इंग्रजी कच्चं नव्हतं. लग्नात नवरी कोरं नेसते, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, एवढंच. (आजीची पैठणी नेसण्याची टूम आपल्याकडे आता आली आहे. आजच्या मुलींनी कदाचित बरोबर वाचलं असतं.)

तिसरा प्रयोग तर थेट माझ्या वर्गाच्या वयाचा आहे. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉलची दर्दी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे जामठ्याच्या स्टेडियमवरच्या क्रिकेट मॅचचं वर्णन द्या आणि बघा. मागच्या बाकावरची पोरं ‘गुगली’ आणि ‘स्लिप’ असलेला परिच्छेद तुमच्या टॉपरला समजावून सांगतील.

आता हा सगळा मामला पुराणकथांकडे कसा येतो ते पाहू. परक्या भाषेतला उतारा वाचताना मुलावर दुहेरी बोजा असतो. शब्द नवे आणि विषयही नवा. दोन्ही एकदम उचलायला लावलं की ते खाली बसतं. विषय ओळखीचा असला तर निम्मा बोजा उतरतो आणि सगळी ताकद भाषेवर लावता येते. हू आणि नेशन यांनी २००० साली असं दाखवलं की आधाराशिवाय नीट कळायचं असेल तर उताऱ्यातले ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी दोनच. माझ्या वर्गाला इकॅरसच्या उताऱ्यात शंभरात दहा-बारा तरी अडतात. पण गोष्टीचा सांगाडा ठाऊक असला की त्यातले बरेचसे शब्द मुलं संदर्भावरून पकडतात. सूर्य, पंख, उंच जाणं, पडणं हे डोळ्यांसमोर असेल तर ‘मेल्ट’ म्हणजे काय, हे विचारायला कोणी हात वर करत नाही. ‘वॅक्स’ला मात्र मुली खुदखुदल्या, त्यांना तो शब्द पार्लरमुळे आधीच माहीत होता. मुलगे मेणबत्तीवरून पोचले.

यात एक गंमत आहे. परक्या भाषेत शिरायला गोष्टीचा दरवाजा वापरायचा, हे नळ-दमयंतीच्या बाबतीत पूर्वीच घडलेलं आहे, पण उलट्या दिशेनं. फ्रान्झ बोप या जर्मन पंडितानं १८१९ साली लंडनमध्ये हे आख्यान लॅटिन भाषांतरासह छापलं. पुढे युरोप-अमेरिकेत संस्कृत शिकणाऱ्यांच्या हातात पहिला पाठ म्हणून हीच गोष्ट पडू लागली. हार्वर्डच्या लॅनमननं १८८४ मध्ये काढलेलं संस्कृतचं वाचनपुस्तकही नळाच्या गोष्टीनंच सुरू होतं. आपल्याकडे रघुनाथपंडितांनी तिचं मराठी काव्य करून ठेवलं होतंच. तिकडची मुलं नळावरून संस्कृत शिकली. इकडची इंग्रजी शिकू शकतील, एवढंच माझं म्हणणं.

प्रत्यक्षात मी काय करते ते सांगते. पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही. संपातीची गोष्ट मराठीत सांगायची, किंवा ज्याला येते त्याच्याकडून वदवून घ्यायची. जटायू आणि संपाती हे दोघे भाऊ. पैज लावून सूर्याकडे उडाले. दुपारच्या उन्हानं जटायू घेरी येऊन कोसळायला लागला, तेव्हा थोरल्या संपातीनं आपले पंख त्याच्यावर धरले. धाकटा वाचला, थोरल्याचे पंख जळाले आणि तो विंध्य पर्वतावर पडला. दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट इंग्रजीत आठ-दहा ओळींची. तिसऱ्या दिवशी इकॅरस. क्रीट बेटावर राजा मायनॉसनं अडकवून ठेवलेला कारागीर डेडलस पिसं आणि मेण यांचे पंख करतो. मुलाला बजावतो, फार खाली जाऊ नकोस, समुद्रानं पिसं भिजतील. फार वर जाऊ नकोस, मेण वितळेल. मुलगा उडण्याच्या नादात वर जातो.

इथपर्यंत मुलांना दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. मग मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते. कोण पडलं, आणि का?

इथे तास रंगतो. एका गोष्टीत धाकटा पडतो, कारण त्यानं वडिलांचं ऐकलं नाही. दुसरीत थोरला पडतो, कारण त्यानं धाकट्याला झाकलं. प्रसंग तोच, सूर्य तोच, जळालेले पंख तेच, आणि अर्थ अगदी उलटा. ‘मध्यवर्ती कल्पना सांगा’ हा परीक्षेतला सगळ्यात कंटाळवाणा प्रश्न. वर्षानुवर्षं मी त्याची ‘शीर्षक बघा, पहिलं वाक्य बघा’ अशी घोकंपट्टी करून घेत असे. या जोडीनंतर तो शिकवावाच लागला नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ज्या जागी त्या फुटतात, तिथेच मध्यवर्ती कल्पना सापडते. मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं वहीत दोनच इंग्रजी वाक्यं लिहिली. पहिल्याचा अर्थ असा की इकॅरस स्वतःसाठी वर गेला, दुसऱ्याचा असा की संपाती भावासाठी वर राहिला. क्रियापदाचा काळ चुकला होता. मी लाल पेन उघडलं नाही.

एक विषय धरून तीन-चार आठवडे राहण्याचा आणखी एक फायदा आहे. सरावाच्या पुस्तकात सोमवारी पेंग्विन, मंगळवारी आयफेल टॉवर, बुधवारी प्रामाणिकपणाचं महत्त्व. पेंग्विनसाठी शिकलेला शब्द पुन्हा वर्षभर भेटत नाही. पुराणकथांत ‘कर्स’, ‘डिसगाइझ’, ‘मॉर्टल’, ‘एक्झाइल’ हे शब्द फिरून फिरून येतात. शिवाय शाप, वेषांतर, मर्त्य, वनवास या कल्पना मराठी मुलाच्या डोक्यात तयारच असतात. नुसती इंग्रजी चिठ्ठी चिकटवायची. सगळीकडे ती नीट बसते असं नाही. ‘निंफ’ला अप्सरा म्हटलं की मुलं थेट इंद्राच्या दरबारात जातात, आणि ती बिचारी तर झऱ्याकाठी राहणारी.

मग कौशल्यं शिकवायचीच नाहीत का? शिकवायची, पण बेतानं. १९८४ साली पालिंक्सर आणि ब्राऊन यांनी अशाच सातवीच्या मुलांवर काम केलं, वाचता येतं पण कळत नाही अशी मुलं. पुढे काय होईल ते सांगणं, प्रश्न विचारणं, अडलेलं सोडवून घेणं आणि थोडक्यात सांगणं, या चार गोष्टी शिक्षक आणि मुलं आळीपाळीनं करत. मुलांना चांगला फायदा झाला. मीही गट पाडून ते करते. माझ्या फाडफाड वाचणाऱ्या मुलाला तर याचीच गरज होती. वाचता वाचता थांबून ‘मला काय कळलं?’ असं स्वतःला विचारायचं असतं, हे त्याला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी वाचन म्हणजे वेगानं शेवटच्या ओळीला पोचणं. पण डॅनिअल विलिंगहॅम हा मानसशास्त्रज्ञ एक इशारा देतो आणि मला तो पटतो. या युक्त्या लवकर शिकून होतात, आणि महिनोन्महिने गिरवल्यानं त्यात फारशी भर पडत नाही. एकदा समजलं की थांबून विचारायचं, तर पुढचा वेळ विचारण्याजोगं काहीतरी वाचण्यात घालवावा.

आता या पद्धतीची दुसरी बाजू. ओळखीची गोष्ट दगाही देते. मुलं उतारा न वाचता टीव्हीवरच्या मालिकेतलं उत्तर लिहून मोकळी होतात. म्हणून मी उताऱ्यात मुद्दाम एखादी गोष्ट वेगळ्या पाठभेदाची घालते आणि उत्तर देताना ओळीवर बोट ठेवायला लावते. पर्सेफनी या कामाला फार चांगली. पाताळाचा राजा तिला पळवून नेतो, तिची आई डिमिटर, म्हणजे धान्याची देवी, दुःखानं जमीन ओसाड पाडते, आणि पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ल्यामुळे मुलीला दर वर्षी काही काळ खाली परतावं लागतं. डिमिटरच्या प्राचीन ग्रीक स्तोत्रात दाणा एकच आहे आणि मुक्काम वर्षाचा तिसरा हिस्सा. रोमन कवी ओव्हिडकडे दाणे सात आणि मुक्काम अर्धं वर्ष. मुलांच्या आजच्या पुस्तकांत बहुधा सहा. ‘किती दाणे?’ या प्रश्नाला ‘कोणत्या उताऱ्यात?’ असा उलट प्रश्न ज्या दिवशी वर्गातून आला, त्या दिवशी मी घरी जाताना सराफ्यातून जिलबी घेतली.

याच गोष्टीवर मी एकदा मारही खाल्ला. ‘पर्सेफनी खाली गेल्यावर कोणता ऋतू येतो?’ उत्तरसूचीत हिवाळा. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मंग थे मे महिन्यातच जात असन.” जमीन उघडी, झाडं निष्पर्ण, काहीच उगवत नाही. नागपुरात हे वर्णन मे महिन्याचंच, पारा ४५ च्या पुढे गेलेला आणि शाळा जूनअखेरपर्यंत बंद. आपला हिवाळा म्हणजे हुरडा, संत्री आणि हिरवी शेतं. उताऱ्यात बर्फाचा शब्दही नव्हता, बर्फ होता तो चित्रात. मी तिला मार्क दिले. पुढे वाचनात आलं की काही ग्रीक अभ्यासकही हेच म्हणतात. ग्रीसमध्ये पेरणी शरदात होते, उन्हाळ्याच्या तोंडाशी पीक निघतं, आणि रान ओसाड असतं ते कडक उन्हाळ्यात, जेव्हा बियाणं जमिनीखालच्या पेवांत ठेवलेलं असतं. आमच्या सातवीतल्या मुलीनं ते वाचलेलं नव्हतं. तिनं फक्त उतारा वाचला होता.

आणखी एक चूक माझीच. संपाती सगळ्यांना माहीत असणार, असं मी धरून चालले होते. दीक्षाभूमीच्या शहरात हे धरणं म्हणजे डोळे झाकूनच वर्गात जाणं. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांच्या पणजोबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या घरांत रामायण सांगतीलच असं नाही. तिथे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथांतला ससा ओळखीचा असतो. अतिथीला द्यायला काही नाही म्हणून तो आगीत उडी घेतो, आणि शक्र, म्हणजे इंद्र, त्याचं चित्र चंद्रावर काढून ठेवतो. एका गोंड मुलानं वर्गाला गोंडांचा धर्मगुरू लिंगो याची गोष्ट सांगितली. कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या लेकरांना त्यानं कसं बाहेर काढलं, ते. तोवर वर्गात त्याचा आवाज कोणी फारसा ऐकलेला नव्हता. पर्सेफनीचं पाताळ त्या दिवशी त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. कोणाच्या गाठीला काय आहे, हे विचारल्याशिवाय समजत नाही. म्हणून आता पहिला तास विचारण्याचा.

एका वडिलांनी येऊन मला रोखठोक विचारलं, “आमच्या देवांना मिथ म्हणता म्हणजे खोटं म्हणता का?” इंग्रजीत त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, खोटा समज आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पवित्र कथा. त्यांचा रोष पहिल्या अर्थावर होता. मी समजावलं, ते अर्धेमुर्धे पटून गेले. फळ्यावर मी आता ‘ओल्ड स्टोरीज’ लिहिते. काम अडत नाही.

या घटकाचा शेवट पोळ्याच्या सुमारास येतो, आणि नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक मानलेला बाईचा मोठा पुतळा, मिरवत नेतात. काळी आणि पिवळी, १८८० च्या दशकापासून. काळीला कोणी पूतना म्हणतं, कोणी भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईशी जोडतं, सोबत महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे छोटे पुतळे. मी मुलांना सांगितलं, इथे कधीही न आलेल्या वाचकासाठी मारबतीबद्दल इंग्रजीत सहा ओळी लिहा. आतापर्यंत दुसऱ्यानं गृहीत धरलेलं तुम्ही शोधत होता, आता तुम्ही काय गृहीत धरता ते बघू.

पहिल्या खर्ड्यात सगळ्यांनी लिहिलं की लोक पुतळा जाळतात आणि आनंदी होतात. मी परक्या वाचकाच्या भूमिकेत शिरले. कोण आहे ही बाई? तिनं काय केलं? जाळायची तर आधी मिरवता कशाला? मुलं चिडली, मग विचारात पडली. आरोळीवर तर अर्धा तास गेला. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत.’ ‘टेक अवे’ लिहिलं तर एकजण म्हणाला, हे हॉटेलातलं पार्सल वाटतं. ‘इडा पिडा’ला ‘डिसीज’ पुरेना, त्यात भांडणं, उधारी, दुकानातली मंदी सगळंच येतं. आणि ‘गे’चं काय करायचं? जिला जाळायला नेतोय तिलाच आपण मैत्रिणीसारखं ‘गे’ म्हणतो, हे मुलांच्या आणि माझ्याही पहिल्यांदाच लक्षात आलं. फाडफाड वाचणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, हे राहू द्या असंच, खाली एक ओळ लिहून टाकू का कोणाले म्हणतेत ते.” त्यानं ती ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. घंटा झाली तेव्हा तो तिसऱ्यांदा खोडत होता.